करुणाताईंचं ‘काढा’

करुणाताईंना स्क्रीन मनातल्या मनात वाचता यायची नाही. क्रांती चौकाजवळच्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर ऑफिसात त्या प्रत्येक बटण मोठ्यानं वाचायच्या, तेही पाचोडला असलेल्या त्यांच्या आईच्या आवाजात. "‘नवीन शेळी जोडा.’ कशाला जोडू गं बाई? गाडीला?" मग ‘जोडा’ जाऊन तिथं ‘नवी शेळी आली’ असं यायचं. आम्ही हसायचो आणि गुपचूप आपापली बटणं तपासायचो. त्या पुण्याला गेल्या त्याला काही वर्षं झाली, पण ती खोड आम्हाला लावून गेल्या.

वेबसाइटला दोन बाजू असतात. पुढची ग्राहक बघतात. तिच्यावर आम्ही जीव ओवाळून टाकायचो. मागची, म्हणजे ॲडमिन, माहिती भरणाऱ्यांसाठी असते. ती तयार साच्यातून निघते: शेळी, मालक, दूध, कशाकशाची माहिती ठेवायची ते सांगितलं की यादी, चौकटी आणि बटणं आपोआप उभी राहतात. बहुतेक जण ती तशीच सोडून देतात. ताईंना ते पटायचं नाही. "पाहुणे पुढून येतात, घर मागून चालतं," त्या म्हणायच्या. "मागं अंधार ठिऊन कसं जमंल?"

खुलताबादकडच्या शेळ्या पाळणाऱ्या बायकांच्या गटाचं काम आलं, तेव्हा साहेब म्हणाले, ॲडमिन इंग्रजीतच राहू द्या, वेळ वाचेल. ताई हटून बसल्या. शेवटी साहेबांनी मान्य केलं, पण बजावलं: गोंधळ झाला तर हेही इंग्रजीत, आणि यापुढं प्रत्येक काम इंग्रजीतच.

गोंधळ झालाच. पहिल्याच आठवड्यात यादीतून शेळ्या नाहीशा व्हायला लागल्या. आदल्या दिवशीची प्रत जपलेली होती म्हणून त्या परत आणता आल्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. साहेब म्हणाले, "चला, बघूनच येऊ," आणि आम्हा दोघांना गाडीत घालून निघाले.  ताईंसाठी मला फार वाईट वाटत होतं.

गटाच्या नोंदी हौसाबाई ठेवायच्या. नुकतीच शेळ्यांची धार काढून झाली होती. ताई म्हणाल्या, "मावशी, आता काय दाबता, तेवढं दाखवा."

मोबाइलवर एकेका शेळीच्या नावापुढं बटण होतं: ‘काढा’. यादीतून काढून टाका, या अर्थानं ताईंनीच लिहिलेलं. हौसाबाईंनी ते शांतपणे दाबलं.

"धार काढली, म्हून ‘काढा’ दाबलं."

"पण मावशी, ते पुन्हा इचारतं ना, ‘खरंच काढायचं का?’"

"इचारतं की. म्या ‘व्हय’ म्हनते. खोटं कशापाई बोलू?"

ताईंनी कपाळाला हात लावला आणि मग त्या पोट धरून हसल्या. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं. ताईंचं तिकडं लक्ष नव्हतं.

"मावशी, शेळी इकली, नाय तर मेली, तर तुमी काय म्हंता?"

"आता आपली नाय, म्हंतो."

ताईंनी तिथंच ओट्यावर लॅपटॉप उघडून ‘काढा’ खोडलं. नावापुढं ‘दूध काढलं’ आलं, आणि पार खाली, बोट सहज जाणार नाही अशा जागी, ‘आता आपली नाही’.

चांदणी नावाची शेळी नुकतीच बाजारात विकली होती. तिच्यापासून सुरुवात करू, असं ताई म्हणाल्या. हौसाबाईंनी बटण शोधलं, एकेक अक्षर लावत वाचलं आणि अंगठा उचलून घेतला.

"आज नगं, ताई. उद्या दाबीन."

 साहेबांनी मोबाइल हातात घेऊन ते बटण स्वतः वाचलं.

परतताना घाट उतरून झाल्यावर ते म्हणाले, "मराठीच राहू द्या. सगळीकडंच."

ताईंनी आभार वगैरे मानले नाहीत. "व्हय सर," त्या म्हणाल्या, "पण ते सेव्हचं ‘जतन करा’ बदलावं लागंल. मावशी म्हंत्यात, जतन तर आमी करतोच, वरून तुमी काय सांगता?"