गोजराबाईंनी काटा उठवला

नाशिकरोडच्या त्या चाळीत कुणाचाही स्टोव्ह भडकला, फुसफुसला किंवा नुसताच रुसला, की तो गोजराबाईंच्या ओट्यावर यायचा. पिन मारणं, वॉशर बदलणं ही त्यांच्या लेखी किरकोळ कामं. त्यांचा खरा हात पितळी टाकीच्या चिरेवर. टाकी गरम पाण्यात बुडवायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं आणि नेमका तिथं कथलाचा डाग द्यायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लग्नात आलेला स्टोव्ह तिसऱ्याच महिन्यात गळायला लागला आणि दुरुस्तीवाला वेळेवर सापडला नाही, एवढंच.

एक्याऐंशी साली त्यांच्या नवऱ्यानं, कारखान्यातल्या स्टोअरकीपर मल्हारीनं, एक जुनी काळी मोटार घेतली. तिचा पेट्रोलचा काटा कायम शून्यावर आडवा. टाकी भरून आणली तरी आडवाच. मल्हारी आधी चिडला, पण पंधरा दिवसांत त्याला त्या काट्याची किंमत कळली. चाळीत एकाची मोटार म्हणजे सगळ्यांची मोटार. कुणी मागायला आलं की मल्हारी किल्ली फिरवायचा, मागणाऱ्याच्या तोंडाकडे बघत काट्यावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "बघा, थेंब नाही." स्वतःसाठी त्यानं खाचा पाडलेली बांबूची काठी डिकीतल्या चटईखाली ठेवली होती. ती टाकीत घालून तो पेट्रोल मोजायचा.

गोजराबाईंना यात काही वावगं वाटलं नाही. पण मग दुसऱ्या वर्षी तोच काटा त्यांनाही दाखवला गेला.

सायखेड्याला, त्यांच्या माहेरी, रविवारी जत्रा होती. गेल्या वर्षी त्या एस.टी.तून उतरल्या तेव्हा भावजय चांगुणा आळीसमोर म्हणाली होती, "वन्सं, तुमची मोटर लय मोठी हाय म्हनं. तिकीट बी फाडत्यात का तिच्यात?" गोजराबाई ताडकन बोलून गेल्या, "पुढल्या जत्रेला दारात उभी करते, बघ." आता मोटार गेली नाही, तर माहेरात पुन्हा तोंड वर करायची सोय नव्हती.

"अगं, मी नाही म्हणतोय का?" मल्हारीनं किल्ली फिरवली. "पण हे बघ."

त्यांनी काटा बघितला. मल्हारी आंघोळीला गेल्यावर डिकी उघडून काठीही टाकीत घालून बघितली. ती चारपैकी तिसऱ्या खाचेपर्यंत ओली निघाली. गोजराबाईंनी ती पुसून होती तशी चटईखाली ठेवली.

गुरुवारी मल्हारी सायकलवरून ड्यूटीला गेला. त्यांनी शेजारच्या शकुबाईंना मोटारीत बसवलं. "किल्ली फिरवा. काटा हलला की ओरडा." मग डिकीतल्या टाकीवरची तार काढून टाकीपासून लांब ओढली आणि तिचं टोक मोटारीच्या उघड्या पत्र्याला टेकवलं.

"चढला! अगं बाई, पार टोकाला गेला!"

"आता?" त्यांनी तार उचलली.

"पडला मेला."

म्हणजे काटा चांगला, तारही चांगली. खोट टाकीच्या आत. स्क्रू काढून त्यांनी आतली दांडी बाहेर घेतली. तिच्या टोकाला पितळी डबी होती. पेट्रोलवर तरंगून काटा उचलायचा, हे तिचं काम. गोजराबाईंनी ती कानाशी हलवली. खळखळ वाजली.

"पोटात पेट्रोल शिरलंय हिच्या. तरंगणार कशी? बसलीय तळाला!"

"आमच्या ह्यांच्यासारखीच," शकुबाई म्हणाल्या.

टाकीच्या भोकावर झाकण बसवून त्यांनी घरात पाणी तापवलं, स्टोव्ह विझवला आणि ते पाणी अंगणात नेऊन त्यात डबी बुडवली. डबीच्या सांध्यातून बारीक बुडबुडे आले. ती पुरती रिकामी केली, दोन दिवस वाळवली, शनिवारी डाग दिला आणि जागच्या जागी बसवली. कुणाला सांगू नका, असं शकुबाईंना बजावलं होतं. शकुबाईंनी फक्त आपल्या नवऱ्याला, देवरामला, सांगितलं.

त्यामुळे रविवारी सकाळी देवराम दारात हजर. "मल्हारीभाऊ, चांदोरीला पुतण्याचं लग्न. मोटार पाहिजे."

"तुझ्यासाठी जीव देईन रे," मल्हारीनं किल्ली फिरवली आणि देवरामच्या तोंडाकडे बघत बोट ठेवलं. "पण हे बघ."

"बघतोय. पाऊण टाकी हाय."

"तेच म्हणतो मी. थेंब नाही."

शकुबाईंनी तोंडात पदर कोंबला. मल्हारीनं खाली बघितलं. काट्याला टिचकी मारली, मग दुसरी. काटा बसेना.

तेवढ्यात गोजराबाई नवं लुगडं नेसून पिशवी घेऊन आल्या. "बरा झाला वाटतं काटा. चला, सायखेडा."

मल्हारी बिलंदर. "देवरामनं आधी शब्द टाकलाय, गोजरा."

गोजराबाईंनी पिशवी खाली ठेवली. आपणच उठवलेला काटा आपलीच मोटार घेऊन चालला! पण क्षणभरच.

"मग बिघडलं कुठं? चांदोरी वाटेतच आहे. बसा, देवरामभाऊ."

देवरामची माणसं सात निघाली. गोजराबाई आहेराची भांडी मांडीवर घेऊन चांदोरीपर्यंत आल्या. तिथं वऱ्हाड उतरलं आणि उत्साहाच्या भरात कुणीतरी मोटारीला झेंडूच्या माळा बांधल्या. तशीच सजलेली मोटार सायखेड्याच्या आळीत शिरली.

चांगुणा पिठाच्या हातानं बाहेर आली. "वन्सं! ही फुलं कशापायी?"

"जत्रेला यायचं म्हटल्यावर एवढं करावंच लागतं."

चांगुणा मोटारीभोवती एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली. मग हळूच म्हणाली, "आत बसून बघू का?"

"बस की. पुढंच बस."

गोजराबाई मागच्या सीटवर टेकल्या आणि मल्हारीला म्हणाल्या, "पारावरून घ्या. सावकाश. आणि हॉर्न वाजवत."