भरावावरची वाट आणि माझा अर्ज

बुधवारी संध्याकाळी सून पालिकेतून आली ती तणतणतच. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते ती. कितीही राग आला तरी आधी पाणी पिते आणि मग एकेक मुद्दा सांगते. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "आई, ते आपल्या बाजूनं पायऱ्या देत न्हाईत. म्हणतात, तुमच्याच वस्तीनं ही वाट बंद करा म्हणून अर्ज देल्ता. रेल्वेच्या जुन्या फायलीत निघाला."

मी गवार मोडत बसले होते. पुढे त्या गवारीचं मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. जेवताना सगळ्यांच्या तोंडात शिरा आल्या, पण गवारीची तक्रार कोणी केली नाही, कारण सगळे त्या अर्ज करणाऱ्याला नावं ठेवण्यात गुंतले होते. मीही ठेवली. गप्प बसले असते तर संशय आला असता.

आधी भरावाचं सांगते. नवीन जालन्यात स्टेशनाच्या मागून एक रूळ फुटून कापसाच्या जुन्या जिनिंगच्या दारापर्यंत जायचा. मधली जमीन सखल, त्यात नाला, म्हणून तो रूळ उंचावरून नेलेला. दोन पुरुष उंचीचा मातीचा भराव आणि नाल्यावर दगडी कमानी. रुईच्या गाठी भरलेले डबे त्यावरून बैलासारखे सावकाश जायचे. मग जिनिंग बंद पडली, डबे थांबले, रूळ उखडून नेले आणि वर बाभळी अन् घाणेरी माजली. आमची वस्ती भरावाच्या अलीकडे. बाजार, बँक, दवाखाना, स्टेशन सगळं पलीकडे. तिकडे जायचं तर फाटकावरून भला मोठा वळसा.

आता पालिका त्या भरावावर बाग करून राहिली आहे. वर चालायला फरशी, बसायला बाकडी, दोन्ही कडांना झाडं, कमानींना दिवे. नकाशाचा फलक लागला तेव्हा सगळी वस्ती बघायला गेली. बागेला दारं दोन, एक स्टेशनाकडे, एक जिनिंगच्या टोकाला. आमच्या बाजूला सबंध लांबीची भिंत, आणि त्या भिंतीवर म्हणे फुलपाखरं रंगवणार.

"म्हंजी त्यांनी वर फिरायचं आन् आपुन खालून फुलपाखरं बघायची," शेजारीण म्हणाली. ही माझ्याच वयाची. एकाच उन्हाळ्यात आम्ही दोघी या वस्तीत सुना म्हणून आलो, तेव्हापासून ती माझ्या प्रत्येक फजितीला हजर आहे.

सुनेनं पायऱ्यांचं मनावर घेतलं. मधोमध पायऱ्या झाल्या तर शाळेची लेकरं, पलीकडे कामाला जाणाऱ्या बाया, माझ्यासारख्या गुडघे गेलेल्या, सगळ्यांना बागेतूनच पाच मिनिटांत पलीकडे उतरता येईल. तिनं विहारात बैठक घेतली, बायांना पालिकेत नेलं, आणि तिथे तो अर्ज आडवा आला.

तो अर्ज मी लिहिला होता.

टेंभुर्णीहून लग्न होऊन आले तेव्हा मी सातवी पास होते, आणि ते लोकांना कळावं म्हणून फार खटपट करायचे. पोलक्याला पेन खोचायचे. ते गळायचं, त्यामुळे माझ्या सगळ्या पोलक्यांना काळजाच्या जागी निळा डाग होता. कोणाचं पत्र आलं की वाचायला मला बोलवायचे, आणि मी वाचण्याआधी खाकरायचे. भाकरी मात्र येत नव्हती. पण त्याची सातवीत परीक्षा नव्हती.

सासू जिनिंगमध्ये कामाला होती. भरावाच्या अंगावर बायांनी चालून चालून पाडलेली वाट होती. सकाळी सगळ्या त्या वाटेनं वर चढायच्या आणि वरून सरळ जिनिंगला जायच्या. सासू वर पोचली की थांबायची, वस्तीकडे वळायची आणि मोठ्यानं म्हणायची, "अगं ए, भाकर जळून राह्यली तुझी."

आणि भाकर खरोखरच जळत असायची. वर बायांची रांग हसायची, खाली शेजारीण तव्यात डोकावायला यायची.

माझी खात्री झाली की या बाईला वरून सगळं दिसतं. चूल दिसते, न्हाणी दिसते, मी दिवसातून कितीदा आरशात बघते तेही दिसतं. मी आंघोळसुद्धा वर बघत बघत करायचे. "आत्याबाई, जरा हळू बोला," एवढं एक वाक्य बोलून काम झालं असतं. पण सातवी पास बाई बोलून कशाला मोकळी होईल? तिनं अर्ज केला.

‘भरावावरील जाण्यायेण्याने लहान बालकांच्या जिवास धोका संभवतो, सबब सदर वाट कायमची बंद करण्यात यावी.’ ‘सबब’ मी तीनदा घातलं होतं. मला तो शब्द फार आवडायचा. शेवटी नळाची एक ओळ टाकली, कारण अंगठे मी नळाच्या नावानं गोळा केले. वाचून दाखव, असं एकीही म्हणाली नाही. पहिला अंगठा सासूनं दिला आणि वर शाईची डबी घेऊन घरोघर फिरली. "जल्दी लावा गं. माझ्या सुनंनं लिव्हलाय."

नळ पुढं कित्येक वर्षं आला नाही. वाट आठवडाभरात बंद झाली. रुळांचे तुकडे उभे रोवले आणि काटेरी तार ओढली. कोणीतरी अर्ज केलाय, एवढंच रेल्वेची माणसं सांगून गेली.

त्यानंतर सासू फाटकाच्या वळशानं जिनिंगला जाऊ लागली. सकाळी अंधुकात निघायची, संध्याकाळी येऊन पाय पसरायची आणि मी पोटऱ्या दाबायला बसायचे. ती डोळे मिटून म्हणायची, "कोन्या मुडद्यानं अर्ज केला, त्याच्या पायाला असेच वळसे पडू दे." मी म्हणायचे, "हो ना, आत्याबाई." आणि जरा जोरात दाबायचे. जिनिंग बंद पडेपर्यंत हे चालू होतं. पुढे ती वारली. मी सांगितलं नाही.

तर बुधवार. सून म्हणाली, पालिकेचे इंजिनिअर साहेब शनिवारी फाइल घेऊन जागेवर येणार आहेत. म्हणजे मधे दोन दिवस. त्या दोन दिवसांत मी घरात टेकले नाही. चहा ठेवला, तो विसरून दुसरा ठेवला. घडी केलेले कपडे पुन्हा घडी केले. भरावापर्यंत गेले, तारेचा एक गंजका तुकडा अजून तिथे होता, त्याला लाथ मारली, अंगठ्याला लागलं, परत आले. तासाभरानं पुन्हा गेले.

"आई, बसा की जरा," सून म्हणाली.

"बसलेच आहे," मी उभ्यानं म्हणाले.

भीती अक्षराची होती. घरातली किराण्याची यादी मीच लिहिते, आणि माझा ‘र’ अजून तसाच आहे, पोट सुटलेला. सून रोज लेकरांच्या वह्या तपासते. तिच्यापुढे तो कागद आला की संपलं. शुक्रवारी दुपारी मला उपाय सुचला. साहेबांना चहा द्यायचा आणि देताना हात हलवायचा. म्हाताऱ्या बाईचा हात हलतोच, कोण काय म्हणणार? या वयातही माझी बुद्धी अर्ज लिहिणाऱ्या पोरीपेक्षा एक इंचसुद्धा पुढे सरकलेली नव्हती.

शनिवारी थर्मास घेऊन गेले. वस्तीतल्या बाया जमल्या होत्या. साहेब तरुण, मऊ बोलणारे. त्यांनी सिमेंटच्या पोत्यांवर फाइल उघडली आणि अर्ज वाचून दाखवला. तिसऱ्या ‘सबब’ला बाया हसायला लागल्या.

"कोन्या येड्यानं लिव्हलं हे?" शेजारीण म्हणाली.

"साहेब, चहा घ्या," मी म्हणाले. कप काठोकाठ भरला आणि कागदाशी गेले. "बघू बरं, चष्म्यातून दिसतंय का."

सगळ्यात वर सासूचा अंगठा होता. जांभळी शाई तपकिरी झालेली. मोठा, रुंद अंगठा, आणि त्यात आडवी पांढरी रेघ. विळ्यानं कापल्याचा वण होता तो. घरात तिचा एकही फोटो नाही. काढायला गेलो की ती तोंड फिरवायची. तिच्या हातापायाचं या जगात जे काही उरलंय ते माझ्या खोटेपणावर उमटून बसलेलं होतं, आणि मी त्यावर चहा ओतायला उभी होते.

तो चहा मी एका घोटात पिऊन टाकला. जीभ पोळली. मग त्याच जिभेनं सांगितलं, "हा अर्ज मी लिव्हलाय. नळाचा आहे म्हणून अंगठे घेतले. कोणालाच माहीत नव्हतं."

साहेबांनी सुनेकडे बघितलं. सुनेनं कागदातल्या ‘र’कडे.

शेजारीण कमरेवर हात ठेवून पुढे आली. "माझा अंगठा कोन्ता यात?"

"खालून तिसरा."

"आन् नळ कुठाय?"

"शेवटच्या ओळीत."

"म्हंजी इतकी वर्षं मी फाटकानं जाऊन राह्यले ते तुझ्यापायी?"

"मी पन गेलेच की बराबर."

"तू तुझ्या मर्जीनं गेलीस. मला कुनी इचारलं व्हतं?"

बाया बोलायच्या ते बोलल्या, आणि कमी बोलल्या असं मी म्हणणार नाही. सून माझ्यापुढे दहा पावलं चालत घरी गेली आणि मला ती दहा पावलं भरता आली नाहीत.

संध्याकाळी तिनं माझ्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवलं. साहेबांनी सांगितलं होतं, वस्तीनं नवा अर्ज द्या, जुना मागे घेतो असं त्यात लिहा, मी नकाशा बदलायला पाठवतो.

"लिहा," सून म्हणाली. "आणि ‘सबब’ नको."

रविवारी विहारात मी तो अर्ज उभी राहून वाचला. बायांनी तीनदा वाचायला लावला. आता सगळ्या सह्या करतात, फक्त शेजारणीनं अंगठा दिला, तोही शेवटची ओळ माझ्याकडून पुन्हा वाचून घेऊन. "मधी काय घुसडलंस का? बिलकुल नको," म्हणाली. मी न खाकरता वाचत होते हे तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

नकाशात पायऱ्या आल्या. दगड अजून बसलेले नाहीत, पण गेल्या आठवड्यात माती कापून टप्पे पाडलेत, बरोबर जुन्या वाटेच्या जागी. काल सकाळी चहाच्या आधीच मी काठी घेऊन निघाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या भरावावर चढले. मी सून होते तेव्हा कधी चढलेच नव्हते, पेन खोचलेली बाई त्या रांगेत कशी जाणार?

वर पोचून वस्तीकडे वळले आणि आमचं घर शोधलं. पडवीचा पत्रा दिसला. नुसता पत्रा. चूल तेव्हाही त्याच पडवीखाली होती, न्हाणी भिंतीच्या आड. मी दोन पावलं डावीकडे सरकले, चार उजवीकडे, टाचा उंचावून बघितलं. कुठूनही काही दिसत नव्हतं. सासूला माझी भाकर कधी दिसलीच नव्हती. ती नुसती अंदाजानं ओरडायची, आणि भाकर माझी रोजच जळायची.

मला खाली उतरवेना आणि उभंही राहवेना. शेवटी काठी टेकली, तोंडाशी हात धरला आणि पत्र्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "अगं ए, दूध उतू चाललंय तुझं."

खालून, पत्र्याखालून, आवाज आला, "आई, दूधवाला अजून यायचाय. पडाल, खाली या."