कागदाच्या कारखान्याच्या कोऱ्या भिंती

मंडळी, ठोकळ्यांच्या सेटमध्ये एक तुकडा जरी कमी असला तरी मी इथं ब्लॉगवर पानभर कुरकुरतो. आज माझीच चूक एका चाचींनी धरली.

जुन्नरच्या प्रदर्शनात मी ठोकळ्यांतून आपल्या गावचा पन्नासच्या दशकातला हातकागदाचा कारखाना मांडला होता. कागदाच्या लगद्याचा हौद आणि त्यावर राबणारी सहा माणसं. पांढऱ्याशुभ्र भिंतींचं तर लई कौतुक झालं.

ऐंशीच्या पुढच्या चाची वाकून बघत राहिल्या. "भिंती कोऱ्या कशा रं? अम्मी आन मी दिसभर वले कागद भिंतीला चिकटवायचो, वाळायला. आमी न्हाई व्हय यात?"

सहाही पुरुषच होते. बायकांच्या बाहुल्या खोक्यात पडून होत्या, पण काढाव्याशा वाटल्या नाहीत.

घरी येऊन दोघींना भिंतीशी उभं केलंय. पण चाचींना दाखवू कसं? मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही. कुणी ओळखतं का त्यांना?