नावापुढचं बी.ए.

आमच्या दारावर एक पितळी पाटी आहे. आधी ती लालबागच्या चाळीतल्या दारावर होती, आता त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर आहे. पाटीवर माझं नाव आणि नावापुढे बी.ए. त्यातलं नाव खरं आहे.

बी.ए. मी कधीच झालो नाही. घरात हे आता माहीत झालं आहे, पण नातेवाइकांत, जुन्या ऑफिसातल्या मित्रांत आणि चाळीतल्या उरल्यासुरल्या माणसांत मी अजून बी.ए.च आहे. म्हणून लिहून ठेवतो. शिवाय या वर्षी, सत्तरी ओलांडल्यावर, परत कॉलेजात नाव घालावं की नाही यावरून माझा जो जीव वरखाली झाला, तो या दोन अक्षरांपासून वेगळा काढता येत नाही.

माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलमध्ये झाली, लग्न मे महिन्यात होतं आणि निकाल जूनमध्ये. पत्रिकेत मुलाच्या नावापुढे डिग्री छापायची पद्धत तेव्हाही होती. वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. आमच्या भावकीत मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. छापखान्यात मजकूर देताना त्यांनी बी.ए. सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "बाबा, निकाल तरी लागू दे."

"निकाल लागतलोच रे," वडील म्हणाले. "पत्रिका काय दोनदा छापूची हा?"

खरं तर मलाही ती अक्षरं छापलेली बघायची होती.

बायको ठाकूरद्वारची. तिचं घराणं मूळचं आमच्याच तालुक्यातलं, पण दोन पिढ्या कारकुनीत स्थिरावलेलं. ती इंटर पास झाली होती, फर्स्ट क्लासात. पुढच्या वर्षाला तिने नावही घातलं होतं. लग्नाची बोलणी चालू असताना तिचे वडील म्हणाले, "मुलगा बी.ए., मुलगी इंटर. हे बरोबर आहे. दोघंही बी.ए. झाली तर घरात कुणी कुणाचं ऐकायचं?" सगळे हसले. मीही हसलो. ती आत पोह्यांच्या बशा भरत होती. तिचं कॉलेज त्या दिवशी सुटलं.

निकाल बघायला मी एकटाच गेलो. दोन विषयांत नापास होतो, इंग्रजी आणि अर्थशास्त्र. धक्का वगैरे बसला नाही. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून मी त्या कॉलेजात गेलो होतो. तिथे सगळं इंग्रजीत. प्राध्यापक बोलायचे ते शब्द मी देवनागरीत उतरवून घ्यायचो आणि घरी येऊन डिक्शनरीत शोधायचो. निम्मे सापडायचे नाहीत, कारण मी ते चुकीचे ऐकलेले असायचे. सकाळी कॉलेज, मग फोर्टात ऑफिस. इतक्या वर्षांत वर्गात मी मोठ्याने उच्चारलेलं एकच इंग्रजी वाक्य होतं: प्रेझेंट सर.

घरी सांगायचंच, असं ठरवून आलो. वडील गॅलरीत बसले होते, मांडीवर पेढ्यांचा पुडा. दोन खोल्यांत वाटूनही झाले होते. त्यांनी काय झालं म्हणून विचारलंच नाही. विचारलं, "क्लास खंयचो?"

"थर्ड," मी म्हणालो.

खोटं बोलतानाही मी नम्रपणा सोडला नाही.

त्यानंतर एकदा प्रयत्न केला, तोही सांगितला पाहिजे. ऑक्टोबरच्या परीक्षेला गुपचूप बसलो. ऑफिसात रजा टाकली, घरून रोजच्यासारखा डबा घेऊन निघालो. पेपर इंग्रजीचा. पहिला प्रश्न लिहिला, दुसरा अर्धा लिहिला आणि हात थांबला. आजूबाजूची पोरं लिहीत होती. मला एकच दिसत होतं, पास झालो तरी आनंद कुणाला सांगणार? पास तर मी जूनमध्येच झालो होतो. पेपर देऊन उठलो. दादरला समुद्रावर जाऊन डबा खाल्ला. शिराळ्याची भाजी होती. संध्याकाळी बायकोने विचारलं, "आज काम फार होतं का हो?" मी हो म्हटलं. पुढे ऑफिसात मला कधी मार्कशीट कुणी मागितली नाही. मी इंटरवर लागलो होतो आणि इंटरवरच निवृत्त झालो. पाटी मात्र वडिलांनी लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला करून आणली.

तर या वर्षी मार्चमध्ये परळला एका शाळेच्या फाटकावर बॅनर दिसला. मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र. अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करा, वयाची अट नाही. मी संध्याकाळी चालायला त्याच रस्त्याने जातो. त्या दिवसापासून समोरच्या फुटपाथवरून जायला लागलो. तरी बॅनर दिसायचाच. घरी बसवेना. पेपर वाचताना तीच ओळ परत परत वाचायचो. बायको म्हणाली, "पोटात काही दुखतंय का? सारखे उठताय, बसताय."

शेवटी आत गेलो. टेबलाशी बसलेल्या बाईंनी माहितीपत्रक देत विचारलं, "कुणासाठी?"

"नातीसाठी," मी म्हणालो. माझी ही सवय इतकी जुनी की जीभ आपोआप वळते.

नात आमच्याकडेच राहते, कॉलेजात आहे. तिला ते पत्रक माझ्या शर्टाच्या खिशात सापडलं, मशीन लावताना.

"आजोबा, हे काय? तुम्ही ॲडमिशन घेताय?"

बायको कणीक मळत होती. तिने मान वर केली. मी म्हणालो, "एम.ए. करावं म्हणतोय."

खोटं बी.ए. पन्नास वर्षांनी एम.ए. व्हायला निघालं.

नातीला इतका आनंद झाला की तिने लगेच फोनवर शोधायला घेतलं. "आजोबा, तुम्ही फेमस होणार, बघा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. थांबा, काय काय लागतं बघू दे. फोटो, आधार, ग्रॅज्युएशनची मार्कशीट. मार्कशीट कुठाय?"

"असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे? आजी, कुठाय गं?"

बायकोचे हात कणकेतच थांबले. "चाळ रिकामी केली तेव्हा," ती हळू म्हणाली, "जुन्या कागदांचे गठ्ठे मीच रद्दीवाल्याला दिले. बघून दिले होते. पण त्यातच गेली असणार."

"काय गं आजी," नात म्हणाली. "असू दे, डुप्लिकेट मिळते. आजोबांनी वर्ष आणि नंबर आठवला की झालं."

मी नंबर आठवतो असं म्हणून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

नंतरचे दिवस वाईट गेले. बायकोने सगळी कपाटं उपसली. ट्रान्झिट कॅम्पात आमच्या शेजारी असलेल्या बाईंना फोन करून, आमची एखादी फाइल तुमच्या सामानात आली का म्हणून विचारलं. जेवताना मध्येच म्हणायची, "इतकी वर्षं जपलेली वस्तू, आणि माझ्या हातून." एकदा म्हणाली, "तुम्ही काही बोलत नाही, पण मला कळतं." मी खरंच काही बोलत नव्हतो. तोवर माझ्या खोट्याने कुणाचं नुकसान झालं असं मला वाटलं नव्हतं. आता ती ते आपल्या माथ्यावर घेऊन घरभर फिरत होती, आणि मी कॉलेजात जायचं की नाही याचा विचार करत होतो. गेलो तर बी.ए.ला जावं लागणार, म्हणजे सगळं उघडं पडणार. नाही गेलो तर तिच्यामुळे माझं एम.ए. राहिलं, असं ती मरेपर्यंत धरून बसणार.

मे संपत आला तरी वर्षाचा मसाला व्हायचा होता. मिरच्या भाजून झाल्यावर आम्ही दोघं डंकावर गेलो. आमच्या इथे डंकावर मसाला कुटायला दिला की तिथेच बसून राहायचं असतं, नाहीतर आपल्या मिरच्यांत दुसऱ्याच्या मिसळतात. बायका नाकाला पदर लावून स्टुलांवर ओळीने बसलेल्या. लोखंडी मुसळांचा आवाज असा की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. सांगायला मी तीच जागा निवडली. अर्धं ऐकू जाईल, अर्धं जाणार नाही, असा माझा हिशेब असावा.

"मार्कशीट रद्दीत गेली नाही," मी म्हणालो.

"काय?"

"तुझ्या हातून गेली नाही."

"मग सापडली?"

"नव्हतीच."

"काय नव्हती? मोठ्याने बोला हो."

"मी पास झालोच नव्हतो," मी ओरडून म्हणालो.

तिने कानाला हात लावला. पलीकडच्या स्टुलावरची अनोळखी बाई तिच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "वहिनी, ते म्हणतायत, ते पास झाले नव्हते."

बायकोने त्या बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिथे सगळ्यांच्याच येत होतं. मग ती उठली, मसाल्याची चिमूट बोटांत चोळून बघितली आणि डंकवाल्याला म्हणाली, "अजून बारीक पाहिजे."

नातीलाही मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती आधी हसली, मग आजीकडे बघून हसायची थांबली. पुढे दोन दिवस बायको माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. पाणी गेलंय. गोळी घ्या. तिसऱ्या दिवशी ती बरणीत मसाला भरत होती, दाबून दाबून, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे आपण दोघंही इंटरच."

"हो."

"मग मी कशाला थांबले?"

तिच्या वडिलांनी थांबवलं, हे खरं. पण त्यांनी जी डिग्री बघून थांबवलं ती माझी होती, आणि ती नव्हती. त्यांचा तो विनोद मी आयुष्यभर विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती. तिने शब्दन् शब्द म्हणून दाखवला. शेवटी म्हणाली, "आणि तुम्ही हसला होतात. आतपर्यंत ऐकू आलं."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "आता मी काही कॉलेजात जात नाही. सांगायचं ते सांगून झालं."

"म्हणजे शिकायचं नव्हतंच," ती म्हणाली. "पाटीपुरतं हवं होतं."

हे मला लागलं. रागही आला. बाहेर पडलो आणि पार परळपर्यंत चालत गेलो, परत आलो, तरी पाय थांबेनात. ती म्हणते ते खरं की काय, हेच ठरेना. खोटं होतं म्हणून शिकावंसं वाटत होतं, आता खोटं संपलं तर उरलं काय? तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. नापास झालो त्याच अर्थशास्त्राच्या तासाला एकदा प्राध्यापक मध्येच मराठीत बोलले होते. कांद्याचं पीक जास्त आलं की शेतकऱ्याच्या हातात कमी का पडतं, असं काहीतरी. तेवढं एक व्याख्यान मला पूर्ण कळलं. त्या संध्याकाळी मी ते गॅलरीत वडिलांना सांगितलं. दिवसपाळी करून आलेले वडील विडी विझवून ऐकत बसले. मग म्हणाले, "आणि मगे? फुडे सांग." पुढचं मला माहीत नव्हतं. पुढचा तास इंग्रजीत झाला.

ते पुढचं मला अजून माहीत नाही. एवढंच कारण सापडलं. पुरेसं आहे का, कळत नव्हतं.

घरी आलो तर नात दाराशी उभी राहून हसू दाबत होती. पाटीवरच्या बी.ए.वर बायकोने औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी लावली होती. नीट, दोन्ही टोकं दाबून.

"हे काय?" मी म्हटलं.

"पाटी मामंजींनी हौसेने केलीय, काढणार नाही," बायको आतून म्हणाली. "पास झालात की पट्टी काढा."

समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "पाटीला काय झालं?" बायको म्हणाली, "लागलंय जरा. भरून येईल."

जूनमध्ये आम्ही दोघं परळच्या केंद्रावर गेलो. बाईंनी मला ओळखलं. "या, नातीचं घ्यायचंय ना?"

"माझं," मी म्हणालो. "बी.ए. पहिल्या वर्षापासून. मराठी माध्यम."

बाईंनी मान डोलावली आणि बायकोकडे बघितलं. बायकोच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, त्यात तिची इंटरची मार्कशीट. ती कधीच रद्दीत गेली नव्हती. स्टीलच्या कपाटात, साड्यांखाली होती.

"आणि तुमचं पण का, आजी?"

"मी नुसती चौकशीला आलेय," बायको म्हणाली. "माझं मी ठरवीन. या वेळी दुसऱ्या कुणाचं बघून नाही."

बाईंनी एक माहितीपत्रक पुढे केलं. मी सवयीने हात पुढे नेला. बायकोने ते आधी घेतलं, घडी घातली, आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं.