ताईचे न उघडणारे फोटो

हे लिहायला मी बसलो याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरातून आजवर गेलेला सर्वांत लांब मजकूर म्हणजे गॅसजोडणीच्या पत्त्यात बदल करून मिळावा म्हणून दिलेला अर्ज, आणि तोही शेजारच्या काकांनी लिहिला होता. कॉलेजात जाणारा घरातला पहिला मीच. त्यामुळे आपल्याकडे लिहिण्याजोगं काही आहे का, हे विचारावं असं घरात कुणी नाही. पण एक गोष्ट माझ्या हातून घडली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बारावी सायन्स झाली तेव्हा बाबांचं काम सुटलं होतं, म्हणून ती अंबडला एका कंपनीत पॅकिंगला लागली. यंदा तिने नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरला. नेमकं त्याच सुमाराला घोटीला भाताच्या गिरणीत कामाला असलेल्या मामांनी तिच्यासाठी एक स्थळ आणलं. माणसं चांगली, मुलगा नोकरीला, घरी थोडी भातशेती. बाबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला. प्रवेशाच्या यादीत आधी नाव आलं तर आधी शिक्षण, स्थळ आधी पक्कं झालं तर पुढे शिकवायचं की नाही ते सासरचे बघतील. बाबांना हा न्याय वाटला. पहिली यादी लागली, तिच्यात ताईचं नाव नव्हतं. दुसरीतही नव्हतं. तिसरी आज लागेल, उद्या लागेल असं चाललं होतं.

इकडे मामांना फोटो हवे होते. ताईने ते लगेच पाठवले. मामांचा फोन आला की उघडत नाहीत. तिने पुन्हा पाठवले, तरी उघडेनात. मामा फोन घेऊन घोटीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने फोन पुसून, बंद करून, चालू करून दिला. फोटो उघडले नाहीत ते नाहीतच. ताई दर वेळी निमूटपणे गच्चीवर जायची, शेजारच्या मैत्रिणीकडून नवे फोटो काढून घ्यायची आणि पाठवायची. एवढी आज्ञाधारक मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दोन-तीन आठवडे असे गेल्यावर तिकडची मंडळी कुजबुजायला लागली. मुलीकडचे फोटो द्यायला टाळतात, म्हणजे काही दडवायचं असेल. हे आईच्या कानावर आलं. ती इंदिरानगरात पोळ्यांची कामं करून नुकतीच घरी आली होती. पिशवी खाली ठेवता ठेवता तिने मला विचारलं, "तू कॉम्प्युटर शिकतोस ना रे?"

एवढंच विचारलं. पण माझं सगळं शिक्षण त्या प्रश्नात तोललं जातंय असं मला वाटलं. मामांनी ताईच्या त्या सगळ्या फायली माझ्याकडे पाठवल्या आणि दुसऱ्या दिवशी मी त्या कॉलेजच्या लॅबमध्ये नेल्या. तिथल्या मॅडमनी एका नजरेत दुखणं ओळखलं. ताईच्या फोनमध्ये जागा वाचवण्याची एक सोय चालू होती. त्या सोयीत फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठतात आणि तो प्रकार जुन्या फोनना कळत नाही. एरवी नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो वाटेत बदलून जातो, पण हे डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यामुळे जसेच्या तसे गेले होते.

मॅडमनी एक प्रोग्रॅम दाखवला. सगळ्या फायली त्यात टाकायच्या आणि कशात बदलायच्या ते सांगायचं. मी विचारलं, जेपीजी बरं की पीएनजी? त्या म्हणाल्या, जेपीजीमध्ये थोडंसं गळतं, डोळ्यांना कळत नाही. पीएनजीत काहीच गळत नाही, जे आहे ते सगळं राहतं आणि ते कुठेही उघडतं. फाइल तेवढी मोठी होते.

आता बहिणीच्या लग्नाचा प्रश्न. त्यात काही गळू द्यायचं? मी पीएनजी निवडलं. फायली दहापट फुगल्या. लॅबच्या कॉम्प्युटरवर मूळ फोटो दिसत नव्हते आणि नवे उघडून बघेपर्यंत पुढची बॅच दाराशी आली. मी सगळेच्या सगळे मामांना पाठवून दिले आणि छाती पुढे काढून कॅन्टीनला गेलो.

मामांचा फोन चहा संपायच्या आत आला.

"भाच्या, फोटो उघडले."

मी म्हटलं, बरं झालं.

"पयला साडीतला होता. लय झ्याक. तो बघितला आन् बाकीचे तसेच पाव्हण्यांना धाडले." मग ते थांबले. "आता बाकीचे बघतोय."

घरी गेल्यावर मला खरं काय ते कळलं. कंपनीत एका मुलीचे फोटो कुणाकडेच उघडत नव्हते, त्यावरून ताईला ही युक्ती सुचली होती. पहिले दोन फोटो तिने साडीतले, चांगलेच पाठवले होते. ते उघडत नाहीत अशी खात्री पटल्यावर तिचा धीर वाढत गेला. एकात ती डोळे तिरळे करून उभी होती. एकात तिने ओढणीची मिशी लावली होती. शेवटच्यात तिने वाटीभर जांभळं खाऊन जीभ बाहेर काढली होती, हनुवटीपर्यंत. जीभ जांभळीगार, आणि त्या जांभळेपणातला एक कणही मी गळू दिला नव्हता.

"जेपीजी केलं असतंस तर जरा कमी दिसलं असतं का?" ताईने विचारलं.

मी खरं तेच सांगितलं, की तितकंच दिसलं असतं. ती भिंतीला टेकून पोट धरून हसली. हसणं ओसरल्यावर म्हणाली, "मला त्यांचा राग नाही रे. मला फक्त यादी लागेपर्यंतचे दिवस हवे होते. आणि फोटो तू उघडून दिलेस."

मला वाटलं, निदान आता ती माणसं नकार तरी देतील. पण त्यांचा निरोप आला तो उलटाच. मुलाच्या आईला मिशीचा फोटो फार आवडला होता. घरात हसणारं माणूस हवंच होतं, कुठल्या रविवारी बघायला यायचं ते मामांना मेसेजने कळवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे स्थळ दोन पावलं पुढे आलं होतं, आणि आणलं होतं मी.

तेवढ्यात मामांनी मला बजावलं, तोवर साडीतले चांगले फोटो धाड, जिभेचे नको.

यापुढचं मी फार विचार करून केलं. ताईला साडी नेसायला लावली. तुळशीपाशी, खिडकीपाशी, बसलेली, उभी, असे चाळीस फोटो काढले. सगळे पीएनजी केले आणि डॉक्युमेंट म्हणून मामांना पाठवले. मामांच्या फोनमध्ये आधीच सुप्रभाताची फुलं आणि भाताच्या नमुन्यांचे व्हिडिओ दाटीवाटीने बसलेले. माझे फोटो उतरले, जागा संपली आणि फोनने मान टाकली. नवा मेसेज येईना, जुना उघडेना. मी खोटं बोललो नाही. मामांनी चांगले फोटो मागितले, मी माझ्या माहितीतले सर्वांत चांगले पाठवले. तरी त्या दोन दिवसांत मामांचं नाव निघालं की मी उठून माठातलं पाणी प्यायचो.

पाहुण्यांचा रविवारी येतो असा मेसेज मामांना पोचलाच नाही. उत्तर येईना म्हणून ते थोडे रुसले आणि त्यांनी येणं आठवडाभर पुढे ढकललं.

मंगळवारी माझं प्रॅक्टिकल होतं. फोन दाराशी दप्तरात. बाहेर आलो तर आईचे, ताईचे, शेजारच्या मैत्रिणीचे मिळून कितीतरी मिस्ड कॉल. उलट लावले तर सगळ्यांचेच फोन व्यस्त. पायऱ्यांवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. मग एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मामा गिरणीतल्या दिवाणजींच्या फोनवरून बोलत होते.

"तुझ्या ताईनं पयला मलाच फोन केला, गिरणीत," ते म्हणाले. "म्हणली, मामा, तुम्हालाच आधी सांगते. तिसरी यादी लागली भाच्या. नाव हाय तिचं. धुळ्याला लागला नंबर. पाव्हण्यांना मी सांगून बी टाकलं, पोरगी आता शिकायला चालली."