सहदेवभाऊंचा महाशीर

पवईच्या तलावात कोणकोणते मासे राहतात, त्यांची नावं लिहिलेला एक बोर्ड घाटावर लावायचा, असं आमच्या नागरिक मंडळाने ठरवलं आणि काम माझ्या गळ्यात घातलं. मी मुलुंडच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. रिकामी बाई दिसली की लोकांना समाजसेवा सुचते. मी हो म्हटलं, पण अट घातली. जो मासा हातात आला किंवा ज्याचा फोटो निघाला, त्याचंच नाव बोर्डावर जाणार. 'आमच्या काकांनी एकदा पाहिला होता' असल्या माशांना माझ्या यादीत जागा नव्हती. माझा स्वभावच तसा. एका खवल्याची चूक केली म्हणून मी मुलांना प्रॅक्टिकलला नापास केलेलं आहे आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही.

कामाला लागले तेव्हा चहावाल्यापासून सुरक्षारक्षकापर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं, "सहदेवभाऊंना विचारा."

सहदेवभाऊ फिल्टरपाड्याला राहतात, मुलगा आणि सून रश्मी यांच्याबरोबर. वय सदुसष्टच्या आसपास, अंगाने काटक, डोक्याला कायम एक विटकी निळी टोपी. मूळचे महाडच्या पुढच्या डोंगराळ भागातले. अठराव्या वर्षी मामाचं बोट धरून लालबागच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. संपात गिरणी गेली. मग कुणाच्या तरी ओळखीने तलावावर गळ टाकणाऱ्या साहेबलोकांच्या क्लबाची होडी वल्हवायची नोकरी मिळाली, ती बत्तीस वर्षं केली. साहेब पुढे गळ टाकून बसायचे आणि हे मागे वल्हं धरून पाणी वाचायचे. "मी गिरणीत धागा बगायचो, हितं पानी बगितलं," एवढंच ते त्या बदलाबद्दल बोलतात.

त्यांच्या खरेपणाची एक गोष्ट तलावावर सगळ्यांना ठाऊक होती. एका बड्या साहेबाने मोठा कटला पकडला. त्याला क्लबातला जुना विक्रम मोडायचा होता. वजनकाटा सहदेवभाऊंच्या हातात. साहेब म्हणाला, अर्धा किलो वाढवून सांग, कोण बघतंय? सहदेवभाऊ म्हणाले, "मासा बगतोय ना." साहेब दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. माशाचं नाव आणि माशाचं वजन, या दोन बाबतींत हा माणूस सख्ख्या बापालाही सोडणार नाही, असं लोक म्हणत.

तर अशा माणसाबरोबर मी पाच महिने तलाव फिरले. मी पुस्तकातून मासे शिकलेली आणि ते बोटातून. गळाची दोरी ते तर्जनीवर ठेवत आणि डोळे मिटून सांगत, "चिलापी. नुसती टकटक करती. रोहू असता तर तोंडात घिऊन चालाय लागला असता." जलपर्णीजवळ बुडबुडे दिसले की, "थांबा, मरळ हाय, आता वर यील श्वास घ्यायला." आणि यायची! मी दोनदा पैज लावली आणि दोन्ही वेळा त्यांना भजी खाऊ घातली.

यादी वाढत गेली. रोहू, कटला, मृगळ, मरळ, शिंगटी, वाम, गवत खाऊन पोसलेला गवत्या, चिखल उकरणारा सायप्रिनस, काठाच्या उथळ पाण्यातली चपळ दांडवण. कुणीतरी घरच्या काचेच्या टाकीतून आणून सोडलेला काळा, खरबरीत सकरसुद्धा मिळाला. तो हातात घेऊन सहदेवभाऊंनी तोंड वाकडं केलं. "ह्याला कोन बोलावलं व्हतं?" म्हणाले. तरी नाव लिहायला लावलंच. राहतो ना इथे, मग लिहा.

वीस नावं झाली. एका सकाळी मी सहज विचारलं, "महाशीर आहे का हो? पूर्वी पिल्लं सोडायचे म्हणतात."

महाशीर म्हणजे आमच्याकडच्या गोड्या पाण्याचा राजा. मोठे सोनेरी खवले, जाड ओठ, तोंडापाशी चार मिशा. तो सापडला असता तर माझ्या यादीला शोभा आली असती.

सहदेवभाऊ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हाय."

"तुम्ही पाहिलाय?"

"हाय म्हन्लं ना, मॅडम."

मी एकविसावं नाव लिहिलं. मुलांना नापास करणाऱ्या बाईने, ना मासा हातात, ना फोटो, एका माणसाच्या शब्दावर नाव लिहिलं. पण शब्द सहदेवभाऊंचा होता.

तरी माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. फोटो तरी काढू, असं मी दर दोन दिवसांनी म्हणायचे आणि ते दर वेळी काहीतरी निमित्त काढायचे. आज पाणी गढूळ आहे. आज ऊन नाही. आज सुनेबरोबर रेशनला जायचंय. ज्या माणसाने पाच महिन्यांत एक सबब सांगितली नव्हती, तो आता शाळकरी पोरासारखा सबबी सांगत होता. शेवटी चहावाल्याने मला सांगितलं, भाऊ दर मंगळवारी सकाळी घाटाच्या टोकाला बसून माशांना भात घालतात.

मी मंगळवारी गेले. सांगून गेले नाही, हे कबूल करते. सहदेवभाऊ खालच्या पायरीवर बसले होते. शेजारी डबा. ते भाताची शितं पाण्यात टाकत होते आणि एक मोठा मासा वर येऊन शितं टिपत होता. चांगला हातभर लांब, मोठमोठ्या खवल्यांचा. मी वाकून पाहिलं. मग नीट पाहिलं. त्याच्या तोंडाला एकही मिशी नव्हती.

"सहदेवभाऊ, हा गवत्या आहे!"

ते दचकले नाहीत. "हां," म्हणाले. "गवत्याच हाय."

माझा पारा चढला. "आणि मला महाशीर म्हणून लिहायला लावलंत? बत्तीस वर्षं होडी वल्हवलीत तुम्ही या पाण्यावर! एखाद्या पोराने ही चूक केली असती तर मी समजू शकले असते. तुम्ही चुकून नाही केलंत, जाणूनबुजून केलंत."

"बसा मॅडम," ते म्हणाले. मी बसले नाही. त्यांनी तसंच सांगायला सुरुवात केली.

त्यांची बायको प्रेमा. दोन वर्षांपूर्वी वारली. तिच्या माहेरच्या गावाजवळ नदीत एक कोंड आहे, म्हणजे खोल डोह. त्यात महाशीर राहतात. ते देवीचे मासे. त्यांना कुणी पकडत नाही, दुष्काळात माणसं उपाशी राहिली तरी पकडले नव्हते. गावची लेक माहेरपणाला आली की परत निघायच्या दिवशी भात रांधून कोंडावर जाते आणि ओंजळ पाण्यात बुडवून बसते. मासे येतात आणि ओंजळीतला भात खातात. मासा जेवला म्हणजे माहेराने निरोप दिला. मग लेकीने मागे वळून न बघता निघायचं. जोवर मासा भात घेत नाही तोवर बाई नवऱ्याच्या गावची वाट धरत नाही. आमचे सहदेवभाऊ लग्नानंतर पहिल्या वर्षी त्या कोंडाच्या काठावर चार तास ताटकळत उभे होते, कारण मासे जेवायला तयार नव्हते. "सासुरवाडीचे मासेपन जावयाची परीक्षा घेतात," ते म्हणाले आणि जरासे हसले.

पुढे प्रेमाची मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. मुंबई सोडून चार दिवस कुठे जायची सोय उरली नाही. तीन वर्षं माहेर नाही. शेवटी शेवटी तिने एकच धोशा लावला होता. औषधाचं बोलायची नाही, दुखण्याचं बोलायची नाही.

"म्हनायची, मला निरोप घ्यायचाय. मासं जेवल्याबिगर मी जाऊ कशी? रात दिस तेच. मॅडम, जीव जाईना तिचा. हाल बगवेनात."

मी आता पायरीवर बसले होते. कधी बसले ते कळलं नाही.

"मग मी थाप मारली. म्हन्लं, अगं, आमच्या तलावात साहेबांनी महाशिराची पिल्लं सोडल्यात ना, ती तुझ्याच कोंडातली. मी सोता होडीतनं सोडल्यात. तिनं माझ्याकडं बगितलं. म्हन्ली, तुमी माशाबद्दल खोटं बोलनार न्हाय."

रिक्षा करून ते तिला मंगळवारी इथे घेऊन आले. पाय सुजलेले, खाली उतरता येईना, म्हणून तिसऱ्या पायरीवर बसवलं. तिने तिथूनच भात टाकला. गवत्या आला. एवढे मोठे खवले पाहून तिचा चेहरा उजळला. सहदेवभाऊंनी खाली पाण्यात ओंजळ धरली, पण तो जवळ येईना. ती म्हणाली, हे हातातनं का घेत नाहीत? सहदेवभाऊ म्हणाले, मुंबईत वाढल्यात, बुजतात. ती म्हणाली, व्हय, माझी पोरंबी तशीच.

असे सात मंगळवार ती आली. सातव्या मंगळवारी माशाने डब्यातलं शीत न् शीत खाल्लं. प्रेमा म्हणाली, "झालं. दिला निरोप." रिक्षात बसताना तिने मागे वळून पाहिलं नाही. दहा दिवसांनी गेली, झोपेत.

समोर तो गवत्या तोंड वर काढून आणखी भाताची वाट बघत होता. मूर्खासारखा.

"अजून येता ते कशासाठी?" मी विचारलं.

"ती हितनं गेली ना." त्यांनी तिसऱ्या पायरीकडे हात केला. "घरात तिचा फोटू हाय, त्याला हार हाय. पन मला ती हितंच घावती. मंगळवार कदी यील असं व्हतं. सहा दिस कसं काडतो माझं मला ठावं." त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. "ती माझ्या शब्दावर गेली, मॅडम. आयुष्यात माशाबद्दल एकच खोटं बोललो आनि तेबी तिच्याशी; तुमाला सांगितलं ते बी तेच. बोर्डावर ते नाव ऱ्हाऊ द्या. कुटंतरी माझा शब्द खरा असू द्या. एवढं करा."

घरी जाऊन मी चिडले, स्वतःवरच. यादी समोर घेऊन बसले. एकविसावं नाव खोडायला पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. खोटं ते खोटं, असं मी जन्मभर सांगत आले. पण मला राहून राहून ती बाई दिसत होती, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी मनात म्हटलं, बोर्ड वाचतंय कोण? लोक त्याला टेकून सेल्फी काढणार. खड्ड्यात गेलं शास्त्र! नाव तसंच ठेवून मी यादी पेंटरकडे पाठवली आणि सहदेवभाऊंना फोन करून कळवलं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

आठवड्याने घाटावर पेंटर रंगाचे डबे घेऊन बसला होता. वीस नावं झाली होती, सुरेख वळणदार अक्षरात. ब्रश बुडवून तो एकविसाव्याला हात घालणार, एवढ्यात सहदेवभाऊ आले. धापा टाकत, फिल्टरपाड्यापासून चालत.

"त्ये नगं लिवू," त्यांनी पेंटरला सांगितलं.

"अहो, मी ठेवलंय ना," मी म्हटलं. "तुमच्यासाठी ठेवलंय. कुणाला काय कळणार आहे?"

"तेच तर. कळनार न्हाय." ते बोर्डापुढे उभे राहिले, टोपी हातात. "त्या कोंडाकडच्या लई बायका हायेत हितं, मॅडम. चांदिवलीला, साकीनाक्याला, घाटकोपरला. कुनाचं गुडघं गेलं, कुनाची सून सोडत न्हाय. त्या बोर्ड वाचनार. महाशीर हाय म्हनून भात घिऊन येनार, निरोप घ्यायला. प्रेमाला मी येकट्यानं फसवलं. त्या बायकांना आता तुमच्या बोर्डानं फसवायचं?"

पेंटर माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. त्याने ब्रश पुसला.

सहदेवभाऊ शेवटच्या नावाखालच्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मला ते बघवेना, म्हणून मी नको ते विचारून बसले.

"आणि प्रेमाताईंना दिलेला शब्द?"

"तिला सांगीन की मी," ते म्हणाले. "भेटल्यावर."