अकरा पंप, अकरा शून्यं

समजा, तुमच्यापुढे एक कोरा तक्ता ठेवलाय. त्यात साखर कारखान्यातलं एकेक यंत्र लिहायचं, त्याला नंबर द्यायचा आणि गेल्या पाच वर्षांत ते किती वेळा बंद पडलं ते भरायचं. तुम्ही वही उघडाल, आकडे उतरवाल, सही कराल. सोपं काम. गोवर्धन मिस्त्रींनाही ते सोपंच वाटलं होतं.

साल १९८७. बेटावरच्या ग्रां बुआ गावाजवळच्या कारखान्यात देखभालीची कामं सांभाळायला कॉम्प्युटर यायचा होता. मिस्त्री तिथे एकतीस वर्षं उसाच्या रसाच्या पंपांवर होते. नवा इंजिनिअर इंद्रदेव गावातलाच, त्यांना काका म्हणायचा. त्याने दोन प्रोग्राम पाहून ठेवले होते. निवड करण्याआधी तो वर्कशॉपमध्ये आला.

"काका, एकात प्रत्येक काम लिहावं लागतं. वायसर बदलला तरी लिहा. दुसऱ्यात फक्त यंत्र कधी थांबलं आणि किती तास, तेवढंच."

"आम्ही पाना धरायचा की पेन?" मिस्त्री म्हणाले. "कमी लिहायचं ते घे."

पंपावरचा त्यांचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार चंद्रमोहन हसला. "तेच घे बाबा. मिस्त्रींचं अक्षर आत गेलं तर कॉम्प्युटरच बंद पडेल."

इंद्रदेवने तेच घेतलं.

कारखान्याची एक जुनी रीत होती. लाकूप, म्हणजे तिथला जून ते डिसेंबरचा ऊसतोडणीचा हंगाम, चालू असताना गाळप थांबलं तरच वहीत नोंद व्हायची. नोंद झाली की मोठा साहेब खाली यायचा आणि पाना ज्याच्या हातात, त्याची सगळ्यांसमोर शोभा व्हायची. म्हणून हे दोघे पंप थांबूच देत नसत. चंद्रमोहन रोज फेरी मारताना प्रत्येक बेअरिंगवर हाताची मागची बाजू टेकवायचा. चटक्यानं दोन श्वासांपर्यंत हात टिकला नाही की म्हणायचा, "हा रविवारी उघडू." रविवारी साफसफाईसाठी गाळप बंद असे. तेवढ्या वेळात दोघे पंप उघडत, बेअरिंग बदलत, झाकण लावत. स्टोअरच्या चिठ्ठीवर नुसतं 'वर्कशॉप' लिहीत. वहीत काहीच नाही. मिस्त्रींना अभिमान होता तो ह्याच गोष्टीचा.

कॉम्प्युटरसाठी तक्ता भरला तेव्हा अकरा पंपांपुढे अकरा शून्यं आली.

"एखादा तरी आकडा टाका," चंद्रमोहन म्हणाला. "अशानं दृष्ट लागते."

"खोटं कशाला लिहू?" म्हणत मिस्त्रींनी खाली सही केली.

पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी वरून कागद आला. अकरा पंप, बिघाड शून्य, सबब एक माणूस पुरे. दोघांत नोकरीने धाकटा चंद्रमोहन. एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने आपला पाना धुऊन, पुसून मिस्त्रींच्या टेबलावर ठेवला आणि समुद्रकाठच्या सूयाकला मेव्हण्याच्या मासेमारीच्या होडीवर गेला. त्याला होडीत मळमळतं, हे मिस्त्रींना ठाऊक होतं.

मिस्त्री इंद्रदेवकडे गेले. "माझा तक्ता चुकला रे. वर्षाला वीस-पंचवीस वेळा पंप उघडतो आम्ही."

"मग लिहिलं का नाही, काका?"

"थांबले नव्हते ना."

इंद्रदेवने तक्ता पुढे ओढला. "मला पटतं. पण वर काय दाखवू? वहीत शून्य, तक्त्यात शून्य, खाली तुमची सही. आणि असली कामं भरायला ह्या प्रोग्राममध्ये जागाच नाही. ज्यात जागा होती, तो आपण घेतला नाही."

'आपण' म्हणाला, हा त्याचा चांगुलपणा.

त्या लाकूपमध्ये मिस्त्री एकटेच हात टेकवत फिरले. सातव्या पंपाशी पोचेपर्यंत कुठून तरी हाक यायची. आठवा तसाच राहायचा. ऑगस्टमध्ये आठवा थांबला, गाळप तीन तास बंद पडलं. मोठा साहेब खाली आला. चंद्रमोहनला परत बोलवायचं त्याने नावही काढलं नाही. पंप जुना झाला, एवढंच म्हणाला. इंद्रदेवने कॉम्प्युटरमध्ये भरलं: पंप आठ, बंद, तीन तास. कॉम्प्युटरने ते विनातक्रार घेतलं.

मिस्त्री मागे उभे होते. त्या दिवशी त्यांनी विचारलं, नंतर निवृत्तीच्या दिवशीही विचारलं. अजून देवळाच्या पायरीवर इंद्रदेव भेटला की विचारतात, आणि तो चपला शोधू लागतो.

"चंद्रमोहनने जे बिघाड होऊच दिले नाहीत, ते लिहायचे कुठे होते रे?"